कोकणकड्याच्या काठावर

पाचनईहून हरिश्चंद्रगड चढताना घरची, कामाची कटकट एकेक करून गळत जाते. आज गडाच्या कोकणकड्यावर पालथी पडून खाली डोकावलं, तर वाऱ्याचा झोत थेट तोंडावर आला. हातातून सुटलेलं वाळकं पान खाली न जाता डोक्यावरून मागे उडालं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य, पाहिलं होतं. पायाखालचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. उतारावरची कारवी ७ वर्षांतून एकदाच फुलते. या काळाच्या हिशेबात माझी रोजची धावपळ किती क्षुल्लक! मन लहान होत नाही, उलट मोकळं होतं. म्हणून अशा आडवाटेच्या जागी वर्षातून एकदा तरी जावंच, आणि मुलाबाळांनाही न्यावं.