चॉकलेटी शाल

वाईत सिनेमा बघायची रीत जरा वेगळी आहे. हिरो काय बोलतोय याकडे फार कुणाचं लक्ष नसतं, सगळे त्याच्या मागे बघत असतात. ‘स्वदेस’ 2004 साली आला, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पुढे तो केबलवर लागला त्या रात्री आमच्या बाहेरच्या खोलीत निम्मी आळी जमली होती. मेणवलीचा घाट दिसला की आरडाओरडा, ओळखीचं कुणी दिसलं की दुप्पट. “ती बघ, ती बघ... गेली!” नासातला इंजिनिअर गावात येतो, पाण्यावर वीज तयार करतो, ही गोष्ट मला कळली ती थेट कॉलेजात, लॅपटॉपवर एकट्याने पाहिला तेव्हा.

‘गंगाजल’मध्ये आम्ही बिहार होतो, ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश, ‘चेन्नई एक्स्प्रेस’मध्ये तमिळनाडू. मी पाहिलेल्या एकाही हिंदी सिनेमात वाई ही वाई नव्हती. कृष्णेचे घाट, दगडी देवळं, जुने वाडे, आणि पसरणीचा घाट चढला की पाचगणीची हॉटेलं. निर्मात्याला आणखी काय हवं? पाट्या बदलल्या की प्रांत बदलतो. आमचं गावच मुळात एक्स्ट्रा आहे, असं मी मित्रांना सांगतो. ते हसतात. मीही हसतो, पण त्यात मला थोडा अभिमान असतो आणि तो मी लपवतो.

2014 च्या मे महिन्यात, बारावीची परीक्षा होऊन निकाल लागायच्या आधी, मी पहिल्यांदा गर्दीत उभा राहिलो. सिनेमाचं नाव सांगत नाही. दिवसाचे 300 रुपये, नाश्ता आणि जेवण. पहाटे पाचला बोलावलं आणि पहिला शॉट साडेदहाला झाला. मधल्या वेळात काय करायचं? काहीच नाही. या कामातला नव्वद टक्के भाग म्हणजे सावली शोधणं. त्यातून सिनेमातला ऋतू हिवाळा होता, उत्तरेतला. मे महिन्याच्या उन्हात आम्हा सगळ्यांच्या अंगावर शाली, गळ्यात मफलर. माझ्या वाट्याला चॉकलेटी शाल आली. माझ्या शेजारच्या मामांनाही तशीच, वर डोक्याला पांढरा गमछा.

मामा नदीपलीकडच्या एका वाडीतले. एम-एटीवर दुधाचे कॅन लावून गावात रतीब घालायचे, आणि शूटिंग असलं की रतीब उरकून सेटवर. पंधरा-वीस सिनेमे झाले होते त्यांचे. मला त्यांनी अर्ध्या तासात सगळं शिकवलं. “कॅमेऱ्याकडं बघायचं न्हाई. हिरोकडं बी बघायचं न्हाई, त्याच्या कानाकडं बघायचं. डोळ्यात बघितलं की आपुन हसतो.” नाकासमोर सरळ चालायचं नाही, थोडं तिरकं चालायचं, म्हणजे रस्ता भरलेला वाटतो. आणि सगळ्यात अवघड म्हणजे बोलायचं, पण आवाज काढायचा नाही. पुढे हिरो-हिरॉइनचे संवाद रेकॉर्ड होत असतात, म्हणून मागे अख्खा बाजार मुका. ओठ नुसतेच हलवले तर खोटं दिसतं, तेव्हा खरंच काहीतरी बोलायला हवं. मामा रतीब म्हणायचे. बाईंकडं एक लिटर, मास्तरांकडं अर्धा, कोपऱ्यावरच्या घरी दोन, त्यांची मागची बाकी ऐंशी. हातवारे असे की वाटावं, माणूस जमिनीच्या वादावर भांडतोय. मी पाढे म्हटले. तेराच्या पाढ्यात अडकलो की माझा चेहरा आपोआप चिंतातुर व्हायचा आणि मामा म्हणायचे, “आता कसं!”

त्याच सकाळी मामांनी क्राउडच्या कोऑर्डिनेटरकडे मागच्या सिनेमाचे दोन दिवसांचे पैसे मागितले होते. मी तिथेच चहा पीत होतो. तो डायरी बघत म्हणाला, “बघू ना, पळून चाललोय का?” मामा म्हणाले, “तसं न्हाई.” बस, एवढंच. आवाज कुणाचाच चढला नाही.

सकाळचा शॉट लांबचा होता, पूर्ण बाजार दिसेल असा. तो तिसऱ्या टेकला ओके झाला. मग कॅमेरा ट्रॉलीवर घेऊन जवळून. हिरोची जीप येणार, गर्दी फाकणार. दोन टेक वाया गेले, एकदा जीप बंद पडली म्हणून आणि एकदा कुत्रं आलं म्हणून. तिसऱ्या टेकला जीप बरोबर आली, हिरो बरोबर उतरला, ट्रॉली आमच्या पुढ्यातून सरकत गेली आणि मी भिंगात बघितलं. मुद्दाम नाही. इतक्या जवळून इतकं मोठं काळं गोल काहीतरी जात असताना न बघणं किती कठीण असतं, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

“कट! कौन है वो? कैमरे में कौन देख रहा है? ब्राउन शॉल!”

ब्राउन शाली दोन होत्या. असिस्टंट धावत आला, पाठोपाठ कोऑर्डिनेटर. असिस्टंटने माझ्याकडे बघितलं, मग मामांकडे. कोऑर्डिनेटर मात्र एक क्षणही थांबला नाही. त्याने मामांच्या दंडाला धरलं. “इतकी वर्षं झाली, अजून अक्कल नाही? चला, बाहेर. आजचा दिवस कट.” मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने नाही. मी कधी तोंड उघडतोय, याची वाट बघितल्यासारखं. मी चपलेने माती उकरत होतो. मग मामांनी शाल काढली, नीट घडी घातली, वर गमछा ठेवला आणि कॉस्च्युमवाल्याच्या हातात दिला.

दहा मिनिटांनी दुसरा घोटाळा लक्षात आला. लांबच्या शॉटमध्ये त्या जागेवर चॉकलेटी शाल आणि गमछा होता, तेव्हा तो आताही हवा. कंटिन्युइटी. स्पॉटदादाने मागून एका पोराला आणलं, मामांची शाल पांघरली, गमछा बांधला, तोंड जरा फिरवून उभं केलं. दुपारभर मी त्या शालीशेजारी उभा राहून पाढे म्हणत होतो. संध्याकाळी मला 300 रुपये रोख मिळाले. त्यातल्या 50 रुपयांचा रिचार्ज मारला, हे का कोण जाणे अजून आठवतं.

सिनेमा लागला तेव्हा मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. होस्टेलची सात पोरं मल्टिप्लेक्सला घेऊन गेलो. मी दिसलो, दोन सेकंद, आणि सात जणांनी शिट्ट्या मारल्या. पुढे ओटीटीवर आल्यावर तीच जागा थांबवून बघितली. लांबचा शॉट ठेवलाच नव्हता. आहे तो दुपारचा. फोकस माझ्यावर नाही, मी धूसर आहे. स्पष्ट दिसते ती चॉकलेटी शाल, तिच्यातला पोरगा आणि त्याची मागे फिरवलेली मान.

2023 मध्ये हॉलिवूडचे कलाकार संपावर गेले. त्यातला एक वाद एक्स्ट्रांचा होता: त्यांचं शरीर एकदा स्कॅन केलं, तर ते पुढे किती वेळा आणि कुणाच्या परवानगीने वापरायचं. आमच्या ऑफिसात जेवताना त्यावर चर्चा झाली. ‘गांधी’ सिनेमातल्या अंत्ययात्रेला सुमारे 3 लाख माणसं खरीखुरी उभी होती, आता तेवढी गर्दी एक जण मशीनवर बसून करेल, असं कुणीतरी म्हणालं. तंत्राबद्दल तो बरोबरच होता. “आणि या गर्दीतला कुणी कॅमेऱ्यात बघणार नाही, हा केवढा फायदा!” यावर सगळे हसले. मी डबा बंद केला. ऑफिसात ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. सांगितली तर त्यांना कोऑर्डिनेटरचा राग येईल, माझा येणार नाही, आणि तेच मला नको आहे.

मामा त्यानंतर मला एकदाच भेटले. पुण्याला निघायच्या आदल्या आठवड्यात, गणपती आळीच्या तोंडाशी. मी वळून दुसऱ्या बोळात शिरणार होतो, पण त्यांनीच गाडी थांबवली. कॅन एकमेकांवर आपटले.

“शॉट झाला व्हय ओके?”

“झाला.”

“बरं झालं.” त्यांनी एका कॅनचं झाकण दाबून बसवलं. “सकाळचा धरत्यात का दुपारचा?”

“सकाळचा,” मी म्हणालो. “सकाळचाच धरतील, मामा.”

“हां. सकाळच्यात मी हाय,” ते म्हणाले आणि गाडीला किक मारली.