‘बरोबर’ की ‘ऐवजी’?

भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास मोठे शब्द फारसे अडवीत नाहीत. कोश उघडला की त्यांची वाट सापडते. अडवितात ते लहान शब्द. ‘बरोबर’ आणि ‘ऐवजी’ ह्या दोन शब्दयोगी अव्ययांतील भेद व्याकरणाच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपतो. औषधाच्या चिठ्ठीवर मात्र त्याची किंमत फार मोठी असते. आमच्या ताईच्या आजारपणात हे मला जवळून पाहावयास मिळाले.

ताई इंदूरला असते. तिला शौचावाटे रक्त पडू लागले तेव्हा मूळव्याध समजून काही महिने घरगुती उपचार झाले. अखेर दुर्बिणीने आतड्याची तपासणी झाली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसचे निदान झाले. ह्या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच मोठ्या आतड्यावर उठते. त्याच्या आतल्या अस्तरास सूज येते व व्रण पडतात. त्याचाच भाईबंद असलेला क्रोन्स आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो व आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो. दोन्ही आजार दीर्घकाळ सोबत करणारे. म्हणून त्यांच्या उपचारात धीर लागतो.

डॉक्टरांनी ताईला मेसालामाइनच्या गोळ्या दिल्या आणि त्याच औषधाचा एनिमा रोज रात्री घेण्यास सांगितले. गोळ्या सुरू झाल्या. एनिमाचे खोके कपाटात राहिले. घर भरलेले, न्हाणीघर एकच, आणि विषय असा की सख्ख्या बहिणीनेही भावाशी बोलू नये. “गोळी घेतेय ना मी? मग ते दुसरं कशाला?” असे ती मला फोनवर म्हणाली. तिच्या लेखी ही दोन औषधे एकमेकांना पर्याय होती.

डॉक्टरांनी पुढील भेटीत कागदावर आतड्याचे चित्र काढून समजाविले. गोळीतील औषध वरून खाली येते. शेवटच्या भागापर्यंत ते पुरेसे पोहोचेलच असे नाही. एनिमा खालून जातो व नेमक्या त्या भागाला औषधाचा लेप देतो. आतड्याच्या शेवटच्या भागातील आजारात दोन्ही मिळून एकेकट्यापेक्षा अधिक गुण देतात, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात दिसून आले होते. ताईने ते चित्र घरी आणून सासूबाईंना दाखविले. त्या दिवसापासून रात्री नऊनंतर न्हाणीघर तिच्यासाठी मोकळे राहू लागले. काही आठवड्यांत रक्त थांबले.

ह्या औषधाचा इतिहासही जोडीचाच आहे. स्वीडनमधील डॉक्टर नाना स्वार्ट्झ ह्यांनी १९४२ साली सल्फासालाझिनविषयी प्रथम लिहिले. त्यात दोन द्रव्ये एकमेकांस बांधलेली असतात व आतड्यातील जंतू ती गाठ सोडवितात. १९७७ साली ऑक्सफर्ड येथे आझाद खान, ट्रूलव्ह आणि त्यांचे सहकारी ह्यांनी दाखविले की, त्यांतील खरे काम एकच द्रव्य करते. तेच आजचे मेसालामाइन. दोन औषधे एकत्र आली म्हणजे दोन्ही उपयोगी पडतातच असे नाही. जोडीचीही परीक्षा घ्यावी लागते.

अशी एक मोठी परीक्षा क्रोन्स आजाराच्या ५०८ रुग्णांवर झाली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. एका गटास ॲझाथायोप्रिनच्या गोळ्या, दुसऱ्यास इन्फ्लिक्सिमॅब हे शिरेतून द्यावयाचे औषध, तिसऱ्यास दोन्ही. ज्यांच्या आतड्यावर आरंभी व्रण दिसले होते, त्यांची सव्वीस आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा गोळ्यांच्या गटात सुमारे १७ टक्के, इन्फ्लिक्सिमॅबच्या गटात ३०, तर दोन्ही घेणाऱ्यांत ४४ टक्के रुग्णांचे व्रण भरून आलेले होते. ह्याचे एक कारण असे की, इन्फ्लिक्सिमॅबला शरीर परके समजून त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. ॲझाथायोप्रिन ती प्रवृत्ती दडपते, त्यामुळे पहिले औषध रक्तात अधिक टिकते.

ह्या सहकार्याची किंमतही द्यावी लागते. संरक्षक यंत्रणा दोन बाजूंनी दाबली की सुप्त क्षयरोग डोके वर काढू शकतो. आपल्या देशात क्षयाचे प्रमाण मोठे. शिवाय आतड्याचा क्षय व क्रोन्स आजार ह्यांचे रूप इतके सारखे, की अनुभवी डॉक्टरही घोटाळतात. म्हणून आधी क्षयाची तपासणी आणि पुढे ठरावीक मुदतीने रक्ताची तपासणी, हे दोन्ही उपचाराचेच भाग समजावेत.

रक्त थांबल्यावर ताईला हळदीच्या दुधाचा सल्ला मिळाला, आणि त्याबरोबर “आता त्या गोळ्या सोड” हेही ऐकावे लागले. हळदीची गोष्ट अगदीच निराधार नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी परीक्षणात नेहमीच्या औषधाबरोबर रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्या ४३ जणांपैकी दोघांचा आजार सहा महिन्यांत उलटला. नुसते नेहमीचे औषध घेणाऱ्या ३९ जणांत आठांचा. परंतु हे कर्क्युमिन म्हणजे हळदीतून वेगळे काढलेले द्रव्य होय. स्वयंपाकाच्या हळदीत ते सुमारे तीन टक्के असते. तेव्हा दोन ग्रॅमसाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद लागेल! आणि त्या परीक्षणात कोणीही मूळ औषध सोडले नव्हते. ते ‘बरोबर’ होते, ‘ऐवजी’ नव्हते. डॉक्टरांनी ताईस दूध पिण्याची मोकळीक दिली. गोळ्या मात्र चालूच ठेवल्या.

कारण लक्षणे आधी जातात. अस्तर मागाहून भरते. ह्या दोहोंमधील काळात रुग्णास आपण बरे झालो असे वाटते आणि नेमके तेव्हाच औषध सुटते. ताईच्या आतड्याचे अस्तर भरून आल्याचे पुढील वर्षीच्या तपासणीत दिसले, तोवर तिने एकही दिवस चुकविला नव्हता.

आपल्या घरी कोणाला हा आजार असेल, तर नवे औषध हाती पडताच डॉक्टरांना एवढे अवश्य विचारावे: हे आधीच्या औषधाबरोबर घ्यावयाचे, की त्याच्याऐवजी? आणि मिळालेले उत्तर चिठ्ठीवरच मराठीत लिहून ठेवावे, म्हणजे घरातील सर्वांना ते वाचता येईल.