नाममुद्रा



अभंगाच्या शेवटच्या चरणात संत आपले नाव गुंफतात. त्याला आपण नाममुद्रा म्हणतो. रोजच्या भजनात ते नाव मुखातून सहज निघून जाते. पण ते नाव मुक्ताईचे किंवा जनाबाईचे असते, तेव्हा क्षणभर थांबून पाहावे. फडातले पुरुष टाळकरी एका मुलीचे, एका दासीचे नाव घेऊन ‘ती असे म्हणते’ म्हणून गात असतात. सातशे वर्षे हे चालले आहे. बाईचे म्हणणे तिच्या नावानिशी इतकी वर्षे गाणारी घरे किती सापडतील?

मुक्ताईचा जन्म 1279 चा आणि 1297 मध्ये तापीतीरी मेहुणजवळ ती अंतर्धान पावली, असे परंपरा मानते. म्हणजे अठराच्या आसपासचे सारे आयुष्य. आज या वयाची मुलगी बारावीच्या परीक्षेला बसते. आईबाप गेलेले, गावाने टाकलेले, अशा घरातली ही सर्वांत धाकटी. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानोबा झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा तिने बाहेरून जे म्हटले ते ताटीचे अभंग. संताने जगाचा राग सोसायचा असतो, हे धाकट्या बहिणीने थोरल्या भावाला सुनावले. आपण मुक्ताईचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण ज्ञानोबांचेही एक मोठेपण तिथे आहे. ‘तू लहान, तुला काय कळते’ असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी ऐकले आणि दार उघडले. पुढे चांगदेवांसारख्या योग्याने याच मुलीला गुरू केले.

तुकोबांच्या पालखीमागे चालताना मला बहिणाबाईही आठवतात. कोवळ्या वयात त्यांना तुकोबांच्या अभंगांचा ध्यास लागला. नवऱ्याला ते रुचले नाही, मारहाण झाली. ते सगळे बहिणाबाईंनी पुढे आपल्याच अभंगांत सांगितले. त्यांनी स्वतः सांगितले म्हणूनच ते आपल्याला कळले.

आपली पालखी बारामतीला येते ती मोरोपंतांच्या गावात. पंतांच्या आर्या कऱ्हेकाठी लिहिल्या गेल्या. त्यांच्यामागे बाबूजी नाइकांचा आश्रय होता, पाठीशी ग्रंथ होते. त्याच मुलखात जात्यावर बसणाऱ्या बायकांनीही ओव्या रचल्या. त्यांना आश्रय जात्याच्या खुंट्याचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या आणि गाणाऱ्या बायकांची नावेही टिपून ठेवली. तोवर ओवी घराघरात होती, पण गाणारीचे नाव उंबऱ्याच्या आतच राहिले होते.

हे सारे मनात घोळण्याचे कारण आमच्या दिंडीतली एक मुलगी. इंदापूर तालुक्यातली, दहावी झालेली, वडिलांबरोबर चालणारी. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण पाहिले. बेलवाडीच्या रिंगणात ती डोक्यावर तुळस घेऊन बायकांबरोबर धावली. निमगाव केतकीच्या मुक्कामी, रात्री जेवणे उरकल्यावर, तिने पिशवीतून शाळेची जुनी वही काढली आणि माझ्यापुढे धरली. मागच्या पानांवर अभंगाच्या चालीत बसवलेले चार-सहा चरण होते.

ते वडिलांना उद्देशून होते. पुढे शिकायचे तर एसटीसाठी उसाच्या रानातून फाट्यापर्यंत चालत जावे लागणार. ऊस डोक्यावर गेला की रस्ता दिसत नाही, हिवाळ्यात परतताना अंधार पडतो. म्हणून शाळा बंद, असे घरात ठरत आले होते. तिने लिहिले होते, की दादा, मला पंढरीच्या वाटेने इतके दिवस चालू देता, मग फाट्यापर्यंतच का नाही? तक्रार नव्हती, रडणे नव्हते. सरळ प्रश्न होता. शेवटच्या चरणात मात्र नुसते ‘लेक म्हणे’ असे होते.

मी म्हटले, “अगं, तुझं नाव कुठाय?”

“नको आजी. लोक काय म्हणतील?”

“मुक्ताईने नाव घातलं. जनाबाईने घातलं. त्यांना लोक नव्हते का?”

ती बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसली. मग तिने ‘लेक’ खोडले आणि आपले नाव लिहिले. चालीत बसेना, म्हणून पुढचा शब्दही बदलला. दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या मुक्कामी, हरिपाठ झाल्यावर, तिने ते चरण वीणेकऱ्यांना विचारून म्हटले. आवाज कापत होता. नावाच्या चरणाशी मात्र कापला नाही. तिचे वडील टाळ मांडीवर ठेवून खाली पाहत होते. सगळे गप्प झाले. मग ते हळूच म्हणाले, “बाळा, परत एकदा म्हण.”

पुढे काय ठरले ते त्यांच्या घरचे. सराटीला नीरा ओलांडताना बापलेक बोलत चालले होते, एवढे मी पाहिले. उसाच्या रानातली भीती खोटी नाही. बापाची काळजीही खोटी नाही. पण काळजी करणाऱ्याने आधी ऐकावे लागते. तिच्या सोबतीला फाट्यापर्यंत कोण येईल, गावातल्या आणखी चार मुली एकत्र जातील का, हे प्रश्न ऐकल्यानंतरच सुचतात. ताटी लावलेल्या घरात ते सुचत नाहीत.

माउली, आपल्या घरातही एखादी वही असेल, मागच्या पानांवर काही लिहिलेली. ती चोरून वाचू नका. मुलीलाच म्हणा, ‘वाचून दाखव, मी ऐकतो.’ आणि शेवटच्या चरणात तिचे नाव आहे का, तेवढे पाहा. संत मुक्ताईचे नाव आपण रोज घेतो. घरच्या मुलीचेही तितक्याच आदराने घेऊया.

रामकृष्णहरी.