दोरावर जुनी ओळख चालत नाही

मोठ्या खंडानंतर जुन्या दोस्तांबरोबर सुट्टीत कातळ चढायला जाणं हे फार मोठं सुख आहे, आणि पुढे जे लिहितो आहे ते त्या सुखाच्या बाजूनेच. दिवाळी उलटली, की पुण्या-मुंबईची टोळकी बदामी गाठतात. त्यांत आमच्यासारखी, नोकरी-संसारामुळे वर्षानुवर्षं दोराला हात न लावलेली मंडळीही असतात. बदामीच का, हे सह्याद्रीत चढलेल्याला सांगावं लागत नाही. आपल्या बेसाल्टवर पावसाळ्यानंतर कुठला दगड हातात निघून येईल याचा भरवसा नसतो. घसारा, वाळकं गवत, गंजलेल्या मेखा हे सगळं गृहीत धरून चढावं लागतं. बदामीचा तांबूस वालुकाश्म घट्ट आहे, मार्गांवर बोल्ट ठोकलेले आहेत, आणि गावातून निघून थोडं चाललं की कड्याचा पायथा येतो. खंडानंतर परतायला याहून सोयीची जागा नाही, असं सगळेच म्हणतात. मीही म्हणतो. पण अशा सहलीत सगळ्यात जास्त जपायला हवं ते मुरलेल्या आरोहकाला, नवख्याला नव्हे, असं माझं ठाम मत झालं आहे. दोराला बांधून घेताना जुन्या दोस्तांनी एकमेकांकडे आजच भेटल्यासारखं पाहायला हवं.

याचं पहिलं कारण शरीरात आहे. खंडानंतर शरीर सगळीकडून सारखं परतत नाही. हालचालींची आठवण आधी जागी होते. पाय कुठे टेकवायचा, कंबर कातळाला कशी भिडवायची, वजन कुठल्या पायावर न्यायचं, हे दोन-तीन मार्ग चढले की जमू लागतं. स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे तेही लवकर सावरतात. कंडरा आणि बोटांमध्ये त्या कंडरांना हाडालगत धरून ठेवणाऱ्या बारीक पट्ट्या यांना मात्र रक्त कमी मिळतं. त्यांना पुन्हा भार पेलण्याजोगं व्हायला महिने लागतात. क्रिम्प धरताना, म्हणजे बोटांची टोकं अरुंद कडेवर टेकवून मधला सांधा उंच उचलताना, याच पट्ट्यांवर फार मोठा ताण येतो. अनामिकेची पट्टी फाटणं ही आरोहकांची नेहमीची दुखापत आहे. म्हणजे पाय कसे टाकायचे हे डोक्याला आठवतं, दंडाला जोर आलेला असतो, आणि बोट मात्र अजून तयार नसतं. नवशिका या पेचात सापडत नाही. त्याला तसला होल्ड धरताच येत नाही, तो आधीच सुटतो. मुरलेल्याला धरता येतो, म्हणून इजाही त्यालाच होते.

दुसरं कारण दोराला बांधून घेण्याच्या गाठीत आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचं वाटतं. दोराच्या टोकापासून हातभर मागे आठाचा आकडा घालायचा, टोक हार्नेसच्या खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही फासांतून ओवायचं, मग तेच टोक आकड्याच्या वाटेनं उलट फिरवत न्यायचं, जोवर प्रत्येक वळणावर दोन पदर शेजारी-शेजारी बसत नाहीत तोवर. शेवटी सगळे पदर ओढून गाठ आवळायची आणि टोक वीतभर शिल्लक ठेवायचं. हाताला इतकी सवय असते, की बोलता-बोलता ती बांधली जाते. धोका आहे तो या बोलण्यातच. लिन हिल ही तिच्या काळातली जगातली अव्वल आरोहक. 1989 साली फ्रान्समधल्या ब्यूक्स इथे तिनं गाठ अर्धवट सोडली. बूट बांधण्यात आणि बोलण्यात लक्ष गेलं, वर जॅकेट असल्यानं कुणाला दिसलं नाही. सरावाचा सोपा मार्ग ती पूर्ण चढली, वर पोहोचून दोरावर भार टाकला आणि सुमारे 22 मीटर खाली आली. झाडाच्या फांद्यांनी वाचली. याच बाईनं पुढे 1993 मध्ये एल कॅपिटन कड्यावरचा ‘द नोज’ हा मार्ग पहिल्यांदा मुक्तारोहणानं सर केला. तेव्हा तिचं कौशल्य कमी पडलं असं कुणी म्हणणार नाही. मार्ग सोपा निवडला की झालं, हा दिलासाही या घटनेपुढे टिकत नाही.

यावर आक्षेप येतो तो दोस्तीचा. इतकी वर्षं ज्यानं आपल्याला बिले दिला, म्हणजे खालून आपला दोर सांभाळला, त्याचं हार्नेस तपासायचं म्हणजे अविश्वास नाही का? मला वाटतं, आपला विश्वास असतो तो त्या वेळच्या माणसावर, जो दर रविवारी कातळावर असायचा. आज समोर उभा असलेला माणूस बिलेच्या उपकरणातून दोर उलटा ओवू शकतो, कॅरॅबिनरचा स्क्रू फिरवायला विसरू शकतो, आणि त्याच्याबद्दल आदर असल्यामुळेच त्याला विचारायला जीभ रेटत नाही. पूर्वी जो लीड करायचा, म्हणजे दोर घेऊन पहिला चढायचा, त्यानंच आजही आधी चढावं, असं न बोलता ठरून जातं. अनोळखी जोडीदार असता तर आपण गाठ, बकल, उपकरण, सगळं डोळ्यांनी पाहिलं असतं. सामानाचंही तसंच. घरी पडून असलेला दोर वापरला नाही म्हणून नवा राहत नाही. एकदाही न वापरलेला नायलॉनचा दोरसुद्धा दहा वर्षांनंतर बाद करा, असं उत्पादक सांगतात. शिवाय झिजलेली टोकं कधीकाळी कापलेली असतात. साठ मीटरचा म्हणून लक्षात राहिलेला दोर प्रत्यक्षात बावन्न मीटरचा निघाला, तर तीस मीटरच्या मार्गावरून खाली उतरवताना टोक बिलेच्या उपकरणातून निसटतं. टोकाला गाठ मारली, की हा अपघात होतच नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा: चार दिवसांची सुट्टी, त्यातला पहिला दिवस सोप्या मार्गांवर आणि तपासण्यांत का घालवावा? बदामीचा दगडच याचं उत्तर देतो. वालुकाश्म पॉलिश पेपरसारखा कातडी घासतो. मऊ पडलेली बोटं पहिल्याच दुपारी कठीण मार्गावर सोलली गेली, तर उरलेले दिवस खाली बसून दुसऱ्यांना बिले देण्यात जातात. परतीच्या पावसाची सर येऊन गेली असेल तर तसंही थांबावं लागतं, कारण ओला वालुकाश्म कमकुवत होतो आणि होल्ड तुटतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत आदरानं घ्यावासा वाटतो. तैलबैला, लिंगाणा, वानरलिंगी यांसारख्या ठिकाणी ज्यांनी आधी वाटा काढल्या त्यांच्याकडे आजच्या तुलनेत साधनं तुटपुंजी होती. एवढी काळजी करत बसले असते तर ते चढले असते का? पण साधनं कमी असल्यामुळेच त्यांना प्रत्येक मेख ठोकून, ओढून, पुन्हा पाहूनच पुढे सरकावं लागायचं, आणि दोरावरच्या जोडीदाराचा सराव त्यांना नेमका ठाऊक असायचा. आमच्याकडे साधनं उत्तम आहेत, सराव नाही. म्हणून पहिला संपूर्ण दिवस टॉप रोपवर, म्हणजे वरून लावलेल्या दोरावर, काढावा, प्रत्येकानं प्रत्येकाला बिले द्यावा, पूर्वीच्या लीडरनंही तिथूनच सुरुवात करावी. संध्याकाळपर्यंत कळतं, की कोण दोर वेळेवर सोडतो, कुणाची नजर वर असते आणि कोण गप्पांत रमतो. दुसऱ्या दिवशी लीड कोण करणार आणि त्याचा दोर कुणाच्या हातात असेल, हे त्यावरून ठरवावं.