लाल रंग काढून टाकला

वणवा किती भीषण होता हे उपग्रहावरून सांगता येतं आणि सांगायलाच हवं, असं मी बरीच वर्षं हिरिरीने मांडत आलो. आता मांडत नाही. निदान आपल्या सागवानी जंगलांपुरतं तरी नाही.

पद्धत देखणी आहे. हिरवं पान जवळचा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतं, लघुलहरी अवरक्त मात्र त्यातलं पाणी शोषून घेतं. जळलेल्या जमिनीचं नेमकं उलट. दोहोंच्या वजाबाकीला बेरजेने भागलं की एनबीआर. आगीआधीच्या आकड्यातून नंतरचा वजा केला की दाहतीव्रता. ०.६६ च्या वर गेलं की ‘अतितीव्र’, म्हणजे नकाशावर लाल. कार्ल की आणि नेट बेन्सन यांनी ही मोजपट्टी घडवली ती मोंटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात, सूचिपर्णी झाडांवर. तिथे आग शेंड्यापर्यंत चढते. आकडे जागेनुसार तपासून घ्या, असं त्यांनीही बजावलंय. ते वाक्य आम्ही नकाशे काढणारे सगळेच गाळून वाचतो.

मेळघाटात आग जमिनीवरून सरपटते. सागाचा पाचोळा, मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली लावलेली काडी, वर वारा. गवत जळतं, बुंधे काळे पडतात आणि तेच साग पावसाळ्यात पुन्हा पालवतात. नोव्हेंबर आणि एप्रिलची चित्रं ताडून पाहिली तर निव्वळ पानगळही जळल्यासारखी दिसते. हे ठाऊक होतंच. आदल्या वर्षीचं त्याच महिन्याचं चित्र घेतलं की भागायचं.

मत फिरलं ते रोपांमुळे. जळक्या उतारावर सागाचं एखादं रोप मुळाशी उकरून पाहा. वर काळा बोडका खुंट, त्याच्या कडेला करंगळीएवढा कोंब, आणि खाली मूळ मात्र जाडजूड, कित्येक पावसाळे पाहिलेलं. दर उन्हाळ्यात वरचं जळतं, मूळ पुन्हा कोंब काढतं, आणि रोपाचं झाड काही होत नाही. माझ्या नकाशात हा उतार दरवर्षी फिकट पिवळा, ‘सौम्य’. त्या त्या वर्षापुरता नकाशा बरोबरच होता.

तेव्हा आता मी ‘किती जोरात’ सोडून ‘कितव्यांदा’ मोजतो. लँडसॅटची ३० मीटरची चित्रं १९८० च्या दशकापासूनची आहेत आणि २००८ पासून फुकट. २०१५ मध्ये सेंटिनेल-२ आला. त्याचे दोन उपग्रह मिळून पाच दिवसांत फेरी होते. राख वाऱ्यावर उडून डाग लवकर पुसट होतो, म्हणून त्या पाच दिवसांना मोल. जळलं की नाही, एवढंच दरवर्षी नोंदवायचं आणि वर्षं मोजायची.

अमेरिकेच्या पश्चिम भागात तीव्रतेचा नकाशा हवाच; मोठ्या पावसात कुठला उतार घसरून येईल, याचा अंदाज त्यावरून बांधतात. इथे मात्र माझा नवा नकाशा साहेबलोकांना बेचव वाटतो. ‘यात लाल कुठाय?’ असं विचारतात. वनरक्षकाने तो घडी घालून खिशात टाकला, कारण जाळरेषा आधी कुठल्या उताराला काढायची हे त्याला त्यात सापडलं.