सायकलीची साखळी

नवी सायकल घरी आली की मुले प्रथम तिची घंटी वाजवून पाहतात आणि वडील माणसे टायर दाबून पाहतात. शेजारी रंगाची वाखाणणी करतात. साखळीकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. ती बिचारी खाली, आडबाजूस, तेलामातीने काळवंडलेली असते. तिला हात लागला तर हात काळा होतो आणि पायजमा लागला तर घरी आईची बोलणी खावी लागतात. तथापि आपल्या पायांचे सारे बळ मागच्या चाकापर्यंत वाहून नेणारी तीच एकटी असते. एकत्र कुटुंबात मुकाट्याने राबणारे एखादे माणूस असते ना, तशातली तिची गत. ती रुसली, म्हणजेच तिची आठवण व्हावयाची.

'साखळी' हा झाला पुस्तकातला शब्द. आमच्या गावी तिला सर्व जण 'चेन' म्हणत, आणि आजही म्हणतात. मी दोन्ही शब्द वापरणार आहे. मराठीचा अध्यापक म्हणून मला त्यात काही वावगे वाटत नाही.

माझे बालपण साताऱ्याकडील एका खेड्यात गेले. 1971 च्या सुमारास आमच्या गावी सायकली बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. परंतु वेशीजवळ पिंपळाखाली एक सायकलीचे दुकान होते. तेथे तासाच्या भाड्याने सायकल मिळे. दुकानदाराला आम्ही मिस्त्रीकाका म्हणत असू. भाड्याला पैसे नसले तरी दुकानापुढे बसून त्यांचे काम पाहण्यास कोणाची आडकाठी नव्हती. दिवाळीच्या आधी गावातील सायकली त्यांच्याकडे 'ओव्हरऑइलिंग'साठी येत. मूळ इंग्रजी शब्द निराळा आहे. यंत्राचे सर्व भाग सोडवून, तपासून पुन्हा जोडणे असा त्याचा अर्थ. पण आमच्या लोकांच्या कानांनी त्यात 'ऑइल' ऐकले आणि कामाचे मर्मच त्या शब्दात आणून ठेवले! पुढे भाषाशास्त्र शिकताना अशा शब्दांना लोकव्युत्पत्ती म्हणतात असे मला कळले. एवढे मात्र खरे, की त्या शब्दातील 'ओव्हर' काही जण फारच मनावर घेतात आणि साखळीला तेलाने न्हाऊ घालतात. त्याविषयी पुढे सांगेन.

मिस्त्रीकाका साखळी काढून रॉकेलच्या थाळीत भिजत घालीत. एकदा त्यांनी मला एक तुटकी साखळी देऊन तिचे भाग मोजावयास सांगितले. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, दोन पिना, पिनांवरच्या दोन नळ्या आणि त्या नळ्यांवर गरगर फिरणारे दोन रोलर असे दोन कड्यांत मिळून दहा भाग निघाले. साध्या सायकलीच्या साखळीत अशी 112 कडी असतील, तर सर्व मिळून 560 सुटे भाग झाले. पायडलचा एक फेरा फिरतो तेव्हा या शेकडो भागांतील प्रत्येकाला आपल्या पाळीप्रमाणे वाकावे आणि सरळ व्हावे लागते. दोन कड्यांमधील अंतर बरोबर अर्धा इंच असते. दात्यांमधील अंतरही तेवढेच. म्हणून तर कडे दात्यावर अलगद बसते.

या साखळीने सायकलीवर केवढे उपकार केले आहेत, ते तिच्या आधीच्या सायकलींचे चित्र पाहिल्याशिवाय कळावयाचे नाही. 1870 नंतरच्या काळात इंग्लंडात धावणाऱ्या उंच सायकलींना साखळीच नव्हती. पायडले थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेली असत. पाय एकदा फिरला की चाकही एकदाच फिरणार. तेव्हा वेग हवा असेल तर चाक मोठे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. चाक वाढत वाढत माणसाच्या छातीला लागले. स्वार त्याच्या माथ्यावर बसू लागला, आणि वाटेत धोंडा आला की डोक्यावर कोसळू लागला. 1880 साली मँचेस्टर येथे हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस यंत्रज्ञाने रोलरची साखळी सिद्ध केली. 1885 साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यांनी जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरविणारी 'रोव्हर' सायकल लोकांपुढे आणली. चाक लहान राहूनही वेग मिळू लागला, आणि स्वाराचे पाय जमिनीला टेकू लागले. त्या जातीच्या सायकलीस 'सुरक्षित सायकल' असेच नाव पडले.

परंतु स्वाराचे डोके वाचविणारी ही साखळी बोटांच्या बाबतीत मात्र निर्दय आहे. 2006 सालची गोष्ट. मी तेव्हा एका माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक होतो. श्रावणातला दिवस होता आणि शाळा नुकतीच सुटली होती. सायकली ठेवण्याच्या छपरातून एक किंकाळी ऐकू आली, म्हणून आम्ही धावलो. सातवीतील एका मुलाच्या सायकलीची चेन उतरली होती. तो खाली बसून चेन दात्यांवर बसवीत होता आणि त्याने मित्राला म्हटले होते, "तू पायडल फिरव रे, मी चेन धरतो." मित्राने उत्साहाने पायडल फिरविले. चेन बसली, पण तिच्याबरोबर उजव्या हाताची तर्जनीही दात्यांखाली गेली. बोटाचे अर्धे पेर गेले. जखम भरली, पण लेखणी धरावयाचे ते बोट! पुढे तीन महिने तो मुलगा अंगठा आणि मधले बोट यांच्यामध्ये लेखणी धरून लिहावयास शिकत होता. मार्चमधील परीक्षेत त्याने सर्व उत्तरपत्रिका स्वतःच्या हाताने लिहिल्या. त्या दुसऱ्या मुलाच्या डोळ्यांतील पाणी मात्र मला जखमेहून अधिक लागले. दोघांचाही हेतू चांगला होता. त्यांना रीत कोणी सांगितली नव्हती, इतकेच.

त्यानंतर शनिवारच्या सकाळच्या शाळेत एक तास मी सायकलीसाठी राखून ठेवला. त्या तासाला जे सांगत असे, तेच तुम्हांला सांगतो.

पायडल फिरविणारा हात आणि चेन धरणारा हात एकाच माणसाचे असावेत. दुसऱ्याने फार तर सायकल सरळ धरून उभे राहावे. रस्त्यात चेन उतरली तर आधी सायकल कडेला घ्या व स्टँडवर लावा. चेन मागच्या लहान दातेरी चक्रावर, म्हणजे फ्रीव्हीलवर, नीट बसवून घ्या. मग पुढच्या मोठ्या चक्राच्या खालच्या अंगाच्या दात्यांत तिची दोन कडी अडकवा. हे काम बोटाने करू नका. रस्त्याकडेला काटकीला काय तोटा? कडी अडकली की हात पूर्णपणे बाजूला घ्या आणि पायडल सावकाश उलटे फिरवा. उलटेच का, असे तुम्ही विचाराल. पायडल सुलटे फिरविले की मागचे चाकही भरभर फिरू लागते, आणि त्याच्या तारांत बोट जाण्याची भीती उभी राहते. उलटे फिरविले तर फ्रीव्हील नुसते टकटक करते. चाक जागच्या जागी राहते.

चेन पुसतानाही हीच काळजी घ्यावयाची. फडके खालच्या पदराच्या मध्यावर धरावे. दात्यांजवळ फडके नेले तर दाते आधी त्याचे टोक ओढतात, आणि मागोमाग हात. ओढणी, पदर आणि सैल पायजमा यांचीही तीच कथा. म्हणून चेनकव्हर गंजले म्हणून काढून फेकू नका. मुलींच्या सायकलीचे तर नाहीच नाही. मी स्वतः विजारीच्या पायाला क्लिप लावूनच सायकलीवर बसतो आणि लोक हसतात तिकडे पाहत नाही.

चेन वारंवार का उतरते? बहुधा ती सैल झालेली असते. खालच्या पदराच्या मध्यावर काटकीने वर-खाली हलवून पाहा. साधारण अर्धा इंच हालचाल असावी. त्याहून बरीच अधिक असेल तर चेन उतरणार. मुळीच नसेल तर पायडल जड होईल आणि आसातील छर्रे लवकर झिजतील. चेन ताणावयाची तर मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करून चाक किंचित मागे ओढावे लागते. ते दोन्ही बाजूंनी सारखे ओढले गेले पाहिजे, आणि नट पक्के आवळल्यावर ब्रेक पुन्हा तपासला पाहिजे. चाक हलले की ब्रेकचे रबर आपल्या जागी राहतेच असे नाही. पहिल्यांदा हे काम जाणत्या माणसाजवळ बसून करा. सैल राहिलेला नट उतारावर फार महाग पडतो.

साध्या सायकलीच्या चेनच्या दोन टोकांना जोडणारे एक खास कडे असते. त्याला दुकानात चेनलॉक म्हणतात. त्यावर मासोळीच्या आकाराची एक बारीक स्प्रिंगची पट्टी बसविलेली असते. तिचे एक टोक बंद असते, दुसरे शेपटीसारखे उघडे. मिस्त्रीकाका सांगत, "मासोळी कुठं बी तोंड पुढं करूनच पोहते." म्हणजे चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला बंद टोक असावे. उलट बसविली तर एखादी काडी वा खडा उघड्या टोकात शिरून पट्टी निसटते, आणि चेन भर रस्त्यात तुटून पडते. उभ्या सायकलीवर ही पट्टी केव्हाही पाहता येते. उद्या शाळेत जाण्यापूर्वी आपापल्या सायकलीची पाहा.

आता तेल. धुळीने माखलेल्या चेनवर तेल ओतणे म्हणजे दात्यांना पॉलिशकागद लावण्यासारखेच. तेल आणि धूळ यांची मिळून जी काळी लापशी होते, ती पोलादही खाते. आधी साबणाचे पाणी आणि दातांचा जुना ब्रश घेऊन चेन घासावी, पुसावी, उन्हात पूर्ण वाळवावी. मग प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडून पायडल उलटे फिरवावे. थोड्या वेळाने वरचे तेल कोरड्या फडक्याने पुसून टाकावे. तेल आत पाहिजे, बाहेर नको. शिवणयंत्राचे तेल चालते, पण ते पातळ असल्याने पुन्हा पुन्हा द्यावे लागते. खोबरेल मात्र देऊ नका. थंडीत ते थिजते, हे तुम्ही बाटलीत पाहिलेच आहे. चाकाच्या धावेवर वा ब्रेकच्या रबरावर तेलाचा थेंबही पडता कामा नये.

माझ्या सायकलीला पुढे 44 दाते आहेत आणि मागे 18. पायडलचा एक फेरा झाला की चाकाचे सुमारे अडीच फेरे होतात. सपाटीवर हे उत्तम. पण वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणीच्या घाटात मी आजवर निम्म्याहून अधिक वाट सायकल हाती धरून चाललो आहे. माझ्या नातवाजवळ एकवीस गिअरांची सायकल आहे. तिला पुढे तीन चक्रे आणि मागे सात. पुढचे 42 दात्यांचे आणि मागचे 14 चे अशी जोडी लावली, तर चाक तीन फेरे फिरून सुमारे सहा मीटर पुढे जाते. पुढचे 24 आणि मागचे 28 अशी लावली, तर एक फेराही पुरा होत नाही. सायकल जेमतेम पावणेदोन मीटर सरकते, पण चढ चढते! गिअर बळ वाढवून देतो असे मुलांना वाटते. बळ तुमचेच असते. तो त्याचे लहान लहान घास करून देतो.

चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या यंत्रास डिरेलर म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'रुळावरून घसरविणारा'. ज्या अपघाताची आपण धास्ती घेतो, तोच मुद्दाम घडवून आणून यंत्रज्ञांनी त्यातून सोय निर्माण केली, याचे मला फार नवल वाटते. 'फ्रान्सची फेरी' या 1903 साली सुरू झालेल्या प्रसिद्ध शर्यतीच्या संस्थापकांना मात्र हे यंत्र पसंत नव्हते. स्पर्धकांना ते वापरण्याची मुभा 1937 साली मिळाली.

गिअर बदलताना पायडल फिरते असावे, पण पायांचा जोर क्षणभर हलका करावा. चढ सुरू होण्यापूर्वीच बदलावा. चढावर उभे राहून, सारे वजन टाकून बदलू नये. सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. मागच्या डिरेलरवर दोन बारीक स्क्रू असतात. त्यांवर बहुधा एच आणि एल अशी इंग्रजी अक्षरे असतात. चेन कोठवर सरकावी, याची सीमा ते आखून देतात. एलचा स्क्रू बिघडला, तर सर्वांत मोठ्या चक्रावरून चेन पुढे उडी घेऊन चाकाच्या तारांत जाते आणि चाक जागीच जखडते.

गेल्या हिवाळ्यात नातवाची सायकल अंगणात उजव्या कुशीवर पडली. वरून काही दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्हांला पसरणीच्या घाटात जावयाचे होते. रात्री त्याने मागचे चाक अधांतरी धरावयास मला सांगितले, हाताने पायडल फिरवीत एकेक गिअर लावून पाहिला आणि म्हणाला, "आजोबा, ऐकलंत? तारा घासतायत." डिरेलर ज्या पट्टीवर टांगलेला असतो, ती आत वाकली होती. मोठ्या चक्रावर चेन जाताच डिरेलर तारांना स्पर्श करीत होता. सकाळी आम्ही घाटाऐवजी दुकानात गेलो. दुरुस्तीला अर्धा तास लागला. नातू काहीसा हिरमुसला होता, पण दुकानदाराने त्याच्या परीक्षेचे कौतुक केले तेव्हा कळी खुलली. घाट आम्ही पुढच्या रविवारी चढलो. तो सायकलीवरून, मी पायी!

चेन किती झिजली, हे पाहावयास तुमच्या दप्तरातील फूटपट्टी पुरते. पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत चोवीस कडी मोजा. नव्या साखळीत ती बरोबर बारा इंच भरतात. साखळी रबरासारखी ताणली जात नाही. आतल्या पिना व नळ्या झिजून प्रत्येक कडे किंचित लांब होते. बारा इंचांवर एक सोळांश इंच भरले की साखळी बदलावी. एक अष्टमांश होऊ दिला, तर दातेही झिजतात आणि नव्या साखळीबरोबर तेही नवे घ्यावे लागतात. माझ्या सायकलीची साखळी मी काल मोजली. बारा इंच आणि वर एक सोळांश भरले. परवा वाईचा बाजार आहे, तेव्हा नवी आणीन. आणि बसविताना मासोळीचे तोंड पुढे आहे ना, ते नातवाकडून तपासून घेईन.