जालन्यातली ईस्टरची पहाट

मैत्रिणींनो, जालना म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? मोसंबी, बी-बियाणं, पोलादाचे कारखाने, नाहीतर ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण! मला मात्र आठवते २०२३ सालची ईस्टरची पहाट.

माझ्या धाकट्या बहिणीनं जालन्यातल्या एका ख्रिस्ती शिक्षकाशी लग्न केलं, आणि वडिलांनी दार लावून घेतलं. बारा वर्षं! वडील गेले तेव्हासुद्धा तिला कुणी कळवलं नाही. मीही नाही. खोटं कशाला सांगू, हे दुखणं माझंच होतं. शेवटी तिनंच पत्र पाठवलं, ‘ईस्टरला ये.’

मार्च विषुवानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणजे बरेचदा आपल्या हनुमान जयंतीच्या पाठोपाठ येतो. त्या वर्षी हनुमान जयंती ६ एप्रिलला होती अन् ईस्टर ९ला. सुंठवड्याची पुडी पर्समध्ये टाकून मी संभाजीनगरहून एस.टी.त बसले. साठेक किलोमीटरचा रस्ता, पण पोटात नुसता गोळा.

आदल्या दिवशी बहिणीनं गाव दाखवलं. जुनं मिशन हॉस्पिटल पाहिलं, मग बेथेलची गोष्ट ऐकली. बेथेल म्हणजे देवाचं घर. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे जालन्याजवळ निजाम सरकारनं दिलेल्या जमिनीवर त्यांनी ही ख्रिस्ती वस्ती उभारली. त्यात गावकुसाबाहेरची माणसं पुष्कळ होती.

पण मला चटका लावून गेला तो त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत. तो जेमतेम बारा वर्षांचा, भावामागोमाग मिशनऱ्यांकडे गेलेला. वडिलांनी कोर्टात जाऊन त्याला परत आणलं, तर जातीनं दार लावलं! ‘दर्पण’कर्ते बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावं म्हणून उभे राहिले, तर लोकांनी त्यांनाच छळलं. दार लावण्यात आपण सगळे भारी हुशार, नाही का?

पहाटे चारलाच उठून आम्ही उपासनेला गेलो. पेटी, तबला, टाळ. सारं भजनासारखंच! पाळकांनी शुभवर्तमानातली कथा वाचली. क्रूसावर गेलेल्या येशूच्या देहाला सुगंधी द्रव्यं लावायला बायकाच पहाटे निघाल्या. थडग्याच्या तोंडावर मोठी धोंड. ती कोण लोटणार, हीच त्यांची काळजी. जाऊन पाहतात तो धोंड बाजूला झालेली!

मेलेला देह उठला, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. तिथे बसूनही पटलं नाही. बहिणीला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, “ताई, मला पटतं. तुला पटायलाच हवं असं कुठंय?”

तिथून आल्यावर वाचलं, तेव्हा कळलं की या वाटेवर मी एकटी नाही. राजा राममोहन रॉय यांनी १८२० साली येशूचा उपदेश तेवढा वेगळा छापला, चमत्कार वगळले. श्रीरामपूरचे मिशनरी रागावले. आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर १९१७ साली ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा!

मला ईस्टरचा अर्थ त्या धोंडेपाशी सापडला. त्या बायकांना ती हलेल याची खात्री नव्हती, तरी त्या निघाल्या. घरी बसल्या असत्या तर धोंड हललेली त्यांना दिसली असती का?

दुपारी बहिणीनं पुरणपोळी केली. पहिला घास मोडताना मी म्हटलं, “बाबा गेले तेव्हा मी तुला कळवायला हवं होतं.” ती काही बोलली नाही. पोळीवर आणखी तूप वाढलं, आणि पदरानं डोळे पुसले. मी पर्समधून सुंठवडा काढून तिच्या हातावर ठेवला.

जालन्याला गेलात, तर ईस्टरच्या सुमारास जा. ऊन कडक असतं, पाणी नि टोपी बरोबर घ्या. अन् तुमच्याही घराच्या दाराशी अशी एखादी धोंड असेल, तर ती हलण्याची वाट पाहत बसू नका. आधी निघा.